श्वास घ्यायचा तिथे स्वल्पविराम?

विषय वाचून निम्म्या मंडळींनी पान उलटलं असणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. गॅदरिंगचे फोटो पुढे आहेत, ते आधी बघून या, मी थांबतो. आपल्या मराठी विभागात मेसच्या वरणावर जवळजवळ दरवर्षी एक कविता असते, रेक्टरांवर एक विडंबन असतं, ‘ती चार वर्षं’ छापाचा एक हळवा लेख असतो. त्यात स्वल्पविरामावर लिहिणारा हा कोण टिकोजीराव, असं कुणी म्हटलं तरी माझी हरकत नाही. पण गेली दोन वर्षं ज्युनिअर पोरांचे सेमिनार रिपोर्ट वाचून देताना मला जे दिसलं, ते कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटतं. शिवाय कॉलेजच्या अंकाइतकी फुकट जागा पुन्हा मिळणार नाही!

माझं म्हणणं एवढंच. आपल्याकडच्या मराठी माध्यमातून आलेल्या पोरांचे इंग्रजीतले कॉमे चुकतात, ते आळसामुळे नव्हे किंवा ‘बेसिक कच्चं’ आहे म्हणूनही नव्हे. त्यातले बरेचसे कॉमे मराठीत अगदी जागच्या जागी आहेत, फक्त ते चुकीच्या भाषेत पडलेत. ही गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही. सांगतात काय, तर ‘जिथे श्वास घ्यायचा तिथे स्वल्पविराम’.

हा श्वासाचा नियम आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेला आहे. आता माझा रूम पार्टनर रोज सकाळी पाच किलोमीटर पळतो. त्याचा दम मोठा, म्हणून त्याच्या रिपोर्टमध्ये कॉमे कमी असावेत का? आणि ज्याला चौथ्या मजल्यावर चढताना धाप लागते त्याच्या रिपोर्टमध्ये शब्दागणिक? हसण्यावारी नेऊ नका, पोरं खरोखर असंच लिहितात. लांब कर्ता आला की दम लागतो, आणि दम लागला की कॉमा पडतो. ‘द एफिशिअन्सी ऑफ द पंप ॲट फुल लोड, इज सिक्स्टी-टू पर्सेंट.’ पंपाची कार्यक्षमता एकीकडे, तिचा आकडा दुसरीकडे आणि मध्ये कुंपण. हे वाक्य मराठीत लिहिलं तरी तो कॉमा तिथे नकोच.

नियम अगदीच बिनबुडाचा आहे असंही नाही म्हणा. विरामचिन्हं जन्माला आली ती मोठ्याने वाचणाऱ्यांसाठीच. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात ॲरिस्टोफेनिस नावाचा एक विद्वान होता (नाटककार ॲरिस्टोफेनिस निराळा, हा बायझँटियमचा). वाचताना कुठे किती थांबायचं हे कळावं म्हणून त्याने ओळीत तीन निरनिराळ्या उंचीवर टिंबं द्यायची पद्धत काढली. ‘कॉमा’ हा शब्दही ग्रीकच, अर्थ ‘कापलेला तुकडा’. तेव्हा वाचणं म्हणजे बोलणंच होतं, त्यामुळे श्वासाचा हिशेब ठीक होता. आपण मात्र मॅन्युअल, टेंडर, रिपोर्ट आणि प्रश्नपत्रिका मनात वाचतो. तिथे कॉमा छातीसाठी नसतो, अर्थासाठी असतो. कोणता शब्द कोणाबरोबर जातो, एवढं सांगणं हे त्याचं काम.

मराठीची गोष्ट तर आणखी मजेची आहे. पोथ्यांत दंड असायचा, दुहेरी दंड असायचा, आणि संपलं. मोडीत तर हात न उचलता लिहायची रीत, शब्दाशब्दांत जागासुद्धा सोडत नसत. स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात छपाई आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर आली. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाला ज्यांचा हात लागला, त्या मेजर थॉमस कँडींनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या नावाचं एक पुस्तकच लिहिलं. म्हणजे त्याआधीचा अख्खा पेशवे दफ्तराचा पसारा एकाही स्वल्पविरामाशिवाय चालला! कसा चालला? कारण मराठीत सांधे शब्दांतच असतात. ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘ऊन’, ‘तर’, ‘पण’, ‘की’ अशी बिजागरी प्रत्येक फळीला आधीच ठोकलेली असते. इंग्रजीत शब्दाची जागा हलली की अर्थ हलतो, त्यामुळे तिथे कॉमावर भार जास्त पडतो. आपल्याकडे तो हलक्या कामाचा माणूस.

हलक्या कामाचा, पण बिनकामाचा नव्हे. शाळेत त्याचं महत्त्व पटवायला ‘मारू नका सोडा’ हे एकच उदाहरण देतात. कॉमा एकीकडे दिला की कैदी वाचतो, दुसरीकडे दिला की मरतो. ऐकायला झकास. १७७३ च्या ‘ध’चा ‘मा’ नंतर आपल्याला असल्या गोष्टींचं आकर्षण असायचंच. पण आपल्यापैकी कितीजण फाशीचे हुकूम लिहिणार आहेत? त्यापेक्षा हे वाक्य घ्या, जे कुठल्याही प्लँटवरच्या सूचनेत शोभेल:

दाब तपासून बंद केलेला व्हॉल्व्ह उघडावा.

मी हे वाक्य आठ पोरांना दाखवलं आणि विचारलं, आता काय करशील? काहीजण म्हणाले, आधी गेज बघायचा, दाब किती आहे ते तपासायचं, मग जो व्हॉल्व्ह बंद आहे तो उघडायचा. बाकीचे म्हणाले, कुणीतरी मगाशी दाब तपासला आणि व्हॉल्व्ह बंद केला. तोच व्हॉल्व्ह आता उघडायचा. म्हणजे यांच्या मते आत्ता दाब तपासायचं कामच नाही! दोन्ही अर्थ शंभर टक्के मराठी, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. ‘तपासून’ हा शब्द ‘केलेला’कडे जातो की ‘उघडावा’कडे, एवढाच प्रश्न. ‘दाब तपासून, बंद केलेला व्हॉल्व्ह उघडावा’ असं लिहा, भांडण मिटलं. पहिलाच अर्थ अभिप्रेत असेल तर तो कॉमा नसणं धोक्याचं आहे.

मराठीत स्वल्पविरामाची खरी नोकरी इथे आहे. आपल्या भाषेत ‘करून’, ‘जाऊन’, ‘तपासून’ असे डबे एकामागून एक जोडत जायची सोय आहे, आणि प्रॅक्टिकलची कृती लिहिताना आपण ती मनसोक्त वापरतो. मालगाडी लांबली की मधला डबा पुढच्या इंजिनाला जोडलाय की मागच्या, हे वाचणाऱ्याला कळत नाही. तिथे कॉमा हवा. उलट ‘सरांनी सांगितलं की, उद्या प्रॅक्टिकल नाही’ यातला ‘की’नंतरचा कॉमा मला तरी निव्वळ सजावट वाटतो. ‘की’ स्वतःच बिजागरी आहे. पण तो वर्तमानपत्रांतून इतका पक्का बसलाय, की त्यावर कुणाशी भांडायला मी जाणार नाही. (वरच्या वाक्यात मी ‘की’च्या आधी दिला आहे, तो मुद्दाम. वाक्य लांब होतं म्हणून. श्वासासाठी नाही!)

आता इंग्रजीकडे येऊ, कारण मार्क तिथे जातात.

नोटीस बोर्डावरची ही नेहमीची जात बघा. ‘स्टुडंट्स, हू हॅव नॉट पेड द फीज, विल नॉट बी अलाउड.’ लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते स्वच्छ आहे: ज्या विद्यार्थ्यांनी फी भरलेली नाही, त्यांना बसू देणार नाही. या मराठी वाक्यात ‘नाही’नंतर स्वल्पविराम आहे आणि तो तिथे हवाच, कारण ‘ज्या’ने सुरू झालेली अर्धी गाडी तिथे थांबते आणि ‘त्यांना’ने दुसरी अर्धी निघते. लिहिणाऱ्याने तोच इमानदार कॉमा उचलून इंग्रजीत ठेवला. पण इंग्रजीत ‘हू’च्या दोन्ही बाजूंना कॉमे दिले की मधला मजकूर जाता जाता दिलेली माहिती होतो. मग त्या नोटिशीचा अर्थ असा: विद्यार्थ्यांना बसू देणार नाही, आणि हो, या विद्यार्थ्यांनी फीही भरलेली नाही बरं का! म्हणजे फी भरलेला आणि न भरलेला सगळाच माल बाहेर. कॉमे काढले, की तीच नोटीस फक्त थकबाकीदारांना लागू.

यावर ज्युनिअरना मी नियम सांगत नाही, कारण व्याकरणातली त्या दोन प्रकारांची इंग्रजी नावं ऐकली की पोरं ‘हो दादा’ म्हणतात आणि विसरतात. मी दोन मराठी प्रश्न देतो. मधला तुकडा ‘कोणते?’ या प्रश्नाचं उत्तर आहे का? कोणते विद्यार्थी? फी न भरलेले. मग कॉमा नको. की त्या तुकड्याच्या शेवटी ‘बरं का’ म्हणता येतं? ‘आमचा लेथ, हा १९७० च्या आसपासचा आहे बरं का, अजून सरळ काम देतो.’ मग कॉमा हवा, आणि दोन्ही बाजूंना हवा. दाराला एकच चौकट उभी करून भागत नाही. वाटल्यास तुकड्यावर बोट ठेवून झाकावं आणि उरलेलं वाचावं. उरलेल्याचा अर्थ तोच राहिला तर कॉमे बरोबर. ‘कोणते?’ आणि ‘बरं का’, एवढ्यावर निम्मं काम होतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, होस्टेलवरच जमलं.

दुसरा प्रकार: ‘द मोटर गॉट ओव्हरहीटेड, वी स्विच्ड इट ऑफ.’ सरांचा लाल गोल हमखास. आता मराठीत म्हणून बघा. मोटर तापली, आम्ही बंद केली. काय चुकलं? काहीच नाही! पाऊस आला, छत्री नव्हती, भिजलो. आपण असंच बोलतो, असंच लिहितो आणि ते उत्तम मराठी आहे. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडलेली चालत नाहीत. तिथे कॉमा म्हणजे टॅक वेल्ड आहे, जॉब जागेवर धरून ठेवण्यापुरता. भार घ्यायचा तर ‘सो’ किंवा ‘अँड’चा पूर्ण वेल्ड मारा, नाहीतर सरळ पूर्णविराम देऊन दोन जॉब वेगळे करा. वर्कशॉप करून आलेल्या पोराला हे एका मिनिटात कळतं. ‘रन-ऑन’, ‘स्प्लाइस’ हे शब्द वर्षभर ऐकूनही कळलं नव्हतं.

अर्थात कॉमा नेमका देणं हे काही नुसत्या मार्कांपुरतं नाही, हे पटवायला मला दोन निकाल फार आवडतात. पहिला आपल्या विदर्भातला. मध्य प्रांत व वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रणाचा १९४९ चा एक आदेश होता. भाडेकरूला काढायला परवानगी कधी मिळेल, त्याचं एक कारण त्यात साधारण असं होतं: भाडेकरूने पर्यायी जागा मिळवली आहे, किंवा तो सलग चार महिने तो भाग सोडून गेला आहे आणि त्याला घराची वाजवी गरज नाही. आता ‘गरज नाही’ ही शेवटची अट कोणाला? फक्त भाग सोडून गेलेल्याला, की पर्यायी जागा मिळवलेल्यालाही? १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘पर्यायी जागा’ नंतरच्या कॉमाकडे बोट दाखवलं. तिथे कॉमा आहे, म्हणजे ते कारण तिथेच पुरं झालं. शेवटची अट फक्त दुसऱ्याला. दुसरी जागा मिळाली असेल, तर जुन्या घराची गरज आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हांना फार भाव देऊ नये, अशीही न्यायालयांची एक जुनी भूमिका आहे. तरीही इथे कॉमाचं ऐकलं गेलं. इतक्या छोट्या शेपटीवर माणसाचं घर!

दुसरा कॅनडाचा, आणि तो इलेक्ट्रिकल-इ.टी.सी.वाल्यांनी नीट वाचावा, कारण भांडण खांबांचं आहे. रॉजर्स या केबल कंपनीने ॲलायंट कंपनीशी खांबांवरून तारा नेण्याचा करार २००२ मध्ये केला. कलम साधारण असं: करार पाच वर्षं अमलात राहील, आणि त्यानंतर पुढे पाच-पाच वर्षांसाठी, जर कुणी एक वर्षाची लेखी नोटीस देऊन तो संपवला नाही तर. रॉजर्सची समजूत अशी, की पहिली पाच वर्षं तरी भाव पक्का. ॲलायंटने मात्र पाच वर्षं व्हायच्या आतच नोटीस दिली. २००६ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने ॲलायंटची बाजू घेतली. कारण? ‘पाच-पाच वर्षांसाठी’ या तुकड्यानंतर असलेला दुसरा कॉमा! तो कॉमा असल्यामुळे नोटिशीची अट फक्त पुढच्या मुदतींना न लागता पहिल्या पाच वर्षांनाही लागते, असं इंग्रजी व्याकरणाने ठरलं. प्रश्न लाखो डॉलरचा होता. मग रॉजर्सवाल्यांनी काय केलं? कॅनडात इंग्रजीबरोबर फ्रेंचही राजभाषा आहे, आणि या कराराचा नमुना फ्रेंचमध्येही होता. फ्रेंच वाक्याची रचनाच अशी होती, की पहिल्या पाच वर्षांत करार मोडता येत नाही हे स्पष्ट दिसत होतं. २००७ मध्ये नियामकाने फ्रेंच मसुदा प्रमाण धरून स्वतःचा निर्णय फिरवला.

मला यातला कॉमा दुय्यम वाटतो. महत्त्वाचं आहे ते दुसऱ्या भाषेत वाचून बघणं. एका भाषेत जे वाक्य दोन्हीकडे झुकतं, त्याला दुसरी भाषा निर्णय घ्यायला लावते. हे कलम मराठीत लिहायला बसा: ‘एक वर्षाची नोटीस दिली नाही तर’ हे कुठे ठेवणार? ‘त्यानंतर’च्या आधी की नंतर? ठेवल्याशिवाय वाक्य पुढेच जाणार नाही. आणि आपल्याला तर ही दुसरी भाषा जन्मापासून फुकट मिळालेली आहे! असं असताना आपल्याला सांगितलं जातं, की इंग्रजी लिहिताना मराठीत विचार करू नका. मला हा सल्ला कधीच पटला नाही. मराठीत विचार करू नका म्हणजे विचारच करू नका, असा त्याचा परिणाम होताना मी बघितलाय.

बघितलाय म्हणजे काय, तेही सांगतो, कारण या लेखामागचं खरं कारण तेच आहे. सेकंड इयरच्या एका मुलाने स्वतः चार दिवस खपून एका छोट्या कूलिंग टॉवरची रीडिंग घेतली होती. रिपोर्टचं पहिलं पान स्वतःच्या इंग्रजीत लिहून नेलं. ते पान अकरा लाल गोल घेऊन परत आलं. त्यातले सात गोल कॉमांभोवती होते, मी मोजले. बाजूला एकही शब्द नाही, खाली फक्त ‘इम्प्रूव्ह युअर इंग्लिश’. त्याने काय इम्प्रूव्ह केलं? सिनिअरची फाईल आणली. प्रस्तावना तिच्यातली, कृती तिच्यातली, निष्कर्षही तिच्यातला. आणि निष्कर्षाशी जमेना म्हणून रीडिंगसुद्धा शेवटी तिच्यातलीच! त्याची स्वतःची, खरी, थोडी वेडीवाकडी रीडिंग वहीत पडून राहिली. रिपोर्ट स्वच्छ गेला, एकही गोल आला नाही. आपण सगळे ‘कॉपी-पेस्ट’वर चिडतो, व्हायव्हाला पकडतो. पण पोरगं कॉपीकडे वळलं कधी, तर स्वतःचं वाक्य लिहायची भीती बसली तेव्हा. आणि त्या सात कॉमांपैकी पाच मराठीत बिनचूक होते.

‘आता कशाला हे सगळं, मोबाइल घालतो की कॉमे’ असं म्हणणारे होस्टेलवर पुष्कळ आहेत. घालतो, आणि बरे घालतो. एआयला उतारा दिला तर तो टॅक वेल्डच्या जागी पूर्ण वेल्डही मारून देतो. पण नोटीस सगळ्या विद्यार्थ्यांसाठी आहे की थकबाकीदारांसाठी, हे त्याला कुठून कळणार? तो अंदाज करतो. दाब आता तपासायचा की मगाशी तपासला होता, हे प्लँटवर उभ्या असलेल्या माणसालाच माहीत. आणि यंत्राने लावलेला कॉमा बरोबर आहे की नाही, हे तपासायला पुन्हा कॉमा कळावा लागतो.

कॉम्प्युटर आणि आय.टी.च्या दोस्तांना हे वेगळं सांगायला नको. त्यांचा कंपायलर अर्धविराम विसरला तर आकाशपाताळ एक करतो, पण सी मध्ये वारांची यादी लिहिताना ‘सोमवार’ आणि ‘मंगळवार’ यांच्या मधला कॉमा विसरा बरं! अवतरणातल्या दोन लगतच्या स्ट्रिंग सी भाषा गुपचूप चिकटवते. ‘सोमवारमंगळवार’ असा एक नवाच वार तयार होतो, सात घरांच्या ॲरेत सहाच नावं बसतात आणि शेवटचं घर रिकामं राहतं. एरर नाही, काही नाही. रविवारी प्रोग्रॅम बिनचूक, मंगळवारी तो बुधवार दाखवतो. (यावरून आठवलं. नासाचं मरीनर-१ यान एका कॉमामुळे पडलं, अशी गोष्ट दरवर्षी कुणीतरी फर्स्ट इयरला ऐकवतं. ती बंद करा. २२ जुलै १९६२ ला यान गेलं हे खरं, पण समीकरणं उतरवताना राहिली ती अक्षरावरची आडवी रेघ. कॉमाच्या नावावर खरी पापं पुरेशी आहेत.)

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कॉमा शिकवायच्या उत्साहात सगळं त्याच्या गळ्यात बांधायचा मोह होतो. ‘स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, नट आणि वॉशर’ अशी ऑर्डर द्या. नट आणि वॉशर कशाचे? तुमच्या मते स्टेनलेसचे, पुरवठादाराच्या मते साध्या स्टीलचे चालतील, आणि ओलाव्याच्या जागी ते साधे वॉशर आधी गंजणार. इथे कॉमा कुठेही सरकवा, उपयोग नाही. वाक्यच बदला: बोल्ट, नट आणि वॉशर, तिन्ही स्टेनलेस स्टीलचे. अमेरिकेत मेन राज्यात दूधवाहतुकीच्या ड्रायव्हरांचा ओव्हरटाइमचा खटला असाच, कायद्यातल्या कामांच्या यादीत ‘किंवा’च्या आधी कॉमा नसल्यामुळे उभा राहिला. ‘रवानगीसाठी पॅकिंग किंवा वितरण’ हे एक काम की दोन? २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला, २०१८ मध्ये ५० लाख डॉलरला तडजोड झाली. अपील न्यायालयाच्या निकालानंतर त्या राज्याने कायद्यातली यादीच नव्याने लिहिली, कामांच्या मध्ये अर्धविराम घालून.

मग शिकवायचं कसं? रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा पाच-सहा ज्युनिअर माझ्या खोलीत बसतात. आम्ही एकच खेळ खेळतो. एकाने कृती लिहायची आणि दुसऱ्याने ती अक्षरशः, डोकं न वापरता करायची. गेल्या टर्मला एकाने चहाची कृती लिहिली: ‘साखर व चहा घालून झाकून ठेवलेले दूध ओतावे.’ दुसऱ्याने शांतपणे साखर आणि चहापत्ती दुधात घातली, झाकण ठेवलं आणि पाण्याकडे बघत बसला. (खोलीत किटली ठेवायला बंदी आहे, तेव्हा हा प्रयोग कँटीनमध्ये झाला असं रेक्टर सरांनी समजावं.) ‘घालून’नंतर कॉमा हवा होता हे मला सांगावंच लागलं नाही. तो चहा कुणी प्याला नाही, पण त्यानंतर त्या पोराच्या जर्नलमध्ये ‘ऊन’ची मालगाडी दिसली की कपलिंगही दिसतं.

सर आणि मॅडम लोकांना एक विनंती, राग मानू नका. कम्युनिकेशन स्किल्सच्या पेपरात विरामचिन्हांचा प्रश्न येतो, पोरं तो पाठ करतात, आणि थर्मलच्या जर्नलमध्ये तेच कॉमे पुन्हा जुन्या जागी पडतात. कारण तिथे ते शिकवायचं काम कुणाचंच नाही. ते इंग्रजीच्या मॅडमवर सोडू नका. व्हॉल्व्ह कोणता, केव्हा उघडायचा हे थर्मलच्या सरांइतकं दुसऱ्या कुणाला कळतं? लाल गोल जरूर करा, फक्त शेजारी दोन शब्द लिहा: ‘कोणते?’ किंवा ‘बरं का?’ किंवा नुसतं ‘टॅक’. अकरा गोलांना मिळून एखादं मिनिट जास्त लागेल.

आणि पुढच्या वर्षी फर्स्ट इयरचं वर्कशॉप जर्नल छापायला जाईल, तेव्हा सुरक्षेच्या सूचनांचं पान त्यात स्वल्पविरामाशिवाय छापावं. पहिल्या प्रॅक्टिकलला मशीन सुरू करायच्या आधी प्रत्येकाने ते पेन्सिलने पुरं करायचं, शेजारच्याशी ताडून बघायचं, आणि दोघांचं जिथे जुळणार नाही तिथे इन्स्ट्रक्टर सरांना विचारायचं. बॅचमध्ये साधारण वीस पोरं असतात, पंधरा मिनिटं पुरतील. व्हॉल्व्हचं वाक्य मी त्यांना आनंदाने द्यायला तयार आहे.